नारा येथील भाऊबीज

घरांतील मुलगा परदेशीं शिकावयास गेला म्हणजे घराला एक दुसरें घड्याळ लागतें. आमच्या सांगलीच्या घरांत दिवाणखान्यांतील जुन्या घड्याळाशेजारीं असें एक घड्याळ २०२४ सालच्या एप्रिल महिन्यापासून टांगलेलें आहे. तें साडेतीन तास पुढें चालतें. आमच्या मातोश्री सकाळीं पूजा आटोपून देवघरांतून बाहेर आल्या, कीं आधीं त्या घड्याळाकडे पाहतात आणि, "तो आतां जेवायला बसला असेल," असें आपल्याशींच म्हणतात. हें घड्याळ जपानांतील ओसाका शहराचें. तेथील एका विद्यापीठांत आमचा पुतण्या धातुशास्त्राचा अभ्यास करीत आहे.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असें एखादें घड्याळ असेल. कोणाचें म्युनिकचें, कोणाचें टोरांटोचें, कोणाचें मेलबर्नचें. अशा घरांचा एक नेम ठरून गेलेला असतो. रविवारीं फोन यावयाचा, मंडळींनीं आळीपाळीनें त्या लहानशा कांचेपुढें बसावयाचें, आणि प्रत्येकानें तेच तीन प्रश्न विचारावयाचे. जेवलास का? थंडी किती आहे? अभ्यास कसा चालला आहे? त्यावर तिकडून तीन उत्तरें यावयाचीं. जेवलों. आहे थोडी. ठीक चालला आहे. ह्या सहा वाक्यांस आम्ही सात महिने संभाषण समजत होतों. तें संभाषण नव्हतें, हें आम्हांस एका भाऊबिजेच्या दिवशीं कळलें. घरांतील गोष्ट चवाठ्यावर आणूं नये, असा शिरस्ता आहे खरा, परंतु ज्याची ती गोष्ट त्या मुलानेंच, "लिहा, काका, आणखी कोणाच्या उपयोगीं पडेल," असें सांगितल्यामुळें आमचा संकोच दूर झाला आहे.

त्या वर्षीं भाऊबीज ३ नोव्हेंबर रोजीं, रविवारीं आली. आमच्या पुतणीनें सकाळींच पाट मांडून, भोंवतीं रांगोळी घालून, भाऊ बसावयाचा तेथें फोन उभा करण्याची व्यवस्था केली होती. निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, करंज्यांची ताटली, सर्व कांहीं जागच्या जागीं होतें. फोन मात्र लागेना. पहिल्यानें वाटलें, सुट्टीचा दिवस आहे, निजला असेल. दहा वाजले, बारा वाजले, तरी तेंच. वहिनींनीं पानावर बसून भाताचीं दोन शितें चिवडलीं व त्या उठल्या. आमचे ज्येष्ठ बंधु वर्तमानपत्र वाचीत होते. पण तासाभरांत पान उलटलें गेलें नाहीं. मग अशा वेळीं एकत्र कुटुंबांत जें होतें तेंच झालें. काळजीचा राग झाला, आणि तो राग प्रत्येकानें दुसऱ्यावर काढला. इतक्या दूर धाडावयाचें कोणीं ठरविलें, येथपासून आरंभ होऊन, मुलें तिकडे गेलीं म्हणजे सणवार विसरतात, येथपर्यंत मजल गेली. हें शेवटचें वाक्य आमचें होतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. मातोश्री तेवढ्या म्हणाल्या, "कुठें तरी बाहेर गेला असेल. मुलगा आहे तो, घड्याळ नव्हे."

दुपारीं साडेचारला, म्हणजे तिकडे रात्रीं आठ वाजतां, फोन आला. चेहरा दमलेला दिसत होता, पण गेल्या कित्येक रविवारांपेक्षां जिवंत होता. "नाराला गेलों होतों, ताई. फोन बंद पडला." बहिणीनें एक शब्द न बोलतां निरांजन लावलें, फोनास ओंवाळलें, कांचेवर कुंकवाचें बोट टेंकविलें, आणि मग ती आंत निघून गेली. चौथ्या दिवशीं आमच्या नांवें मोबाईलवर एक लांबलचक पत्र आलें.

"तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार. हें आधीं तुम्ही वाचा, आणि मग आई-बाबांना दाखवावयाचें कीं नाहीं तें ठरवा. त्या दिवशीं फोन बंद पडला नव्हता. मीं बंद केला होता."

प्रयोगशाळेंत त्याचें काम मिश्रधातूंचे नमुने ओतून ते तपासण्याचें. उन्हाळ्यापासून तीनदां केलेला नमुना तिन्ही वेळां निवतांना तडकला. मार्गदर्शक रागावले नाहींत. नुसतें "पुन्हां करा" म्हणाले, आणि परक्या भाषेंतील तें थंड वाक्य ह्याला रागापेक्षां जड वाटलें. भाषा येई ती दुकानापुरती. भाऊबिजेच्या आधींच्या दहा दिवसांत प्रयोगशाळेबाहेर आपण एकच वाक्य बोललों, असें त्यानें लिहिलें होतें, तें वाक्य, "पिशवी नको." आदल्या रात्रीं तो परतीच्या एकेरी तिकिटाचे दर पाहत बसला होता. "सकाळीं ताईनें ओंवाळलें असतें आणि 'कसा आहेस' म्हणून विचारलें असतें. 'ठीक' हा शब्द त्या दिवशीं तोंडांतून निघाला नसता, आणि दुसरा शब्द आपल्या घरांत चालेल असें मला वाटेना. म्हणून फोन बंद केला, नाम्बा स्थानकावर गेलों, आणि समोर उभी होती त्या गाडींत बसलों. ती नाराची होती."

हें वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलों. 'दुसरा शब्द आपल्या घरांत चालेल असें मला वाटेना.' मुलाच्या शिक्षणासाठीं कर्ज काढणारें, त्याच्या नांवें एकादशणी करणारें आमचें घर; आणि त्या घरांत एवढ्या एका शब्दास जागा नव्हती!

असो. ह्या मुलानें त्या दिवशीं काय पाहिलें, तें आतां सांगितलें पाहिजे. कारण पुढील सर्व गोष्ट त्यावर अवलंबून आहे.

ओसाका ते नारा हा प्रवास सुमारें चाळीस मिनिटांचा. मध्यें इकोमाचा डोंगर आडवा येतो. त्याच्या पोटांतून बोगदा काढून लोहमार्ग पलीकडे नेला आहे. नारा जवळ आलें म्हणजे गाडी एका विस्तीर्ण माळावरून जाते, आणि खिडकींतून शेंदरी खांबांचा एक प्रचंड दरवाजा दिसतो. हेंच हेइजो राजवाड्याचें स्थळ. ७१० सालीं सम्राज्ञी गेम्मेइ हिच्या कारकीर्दींत, चीनच्या चांगआन राजधानीच्या धर्तीवर, येथें जपानची राजधानी वसली. ७८४ सालीं ती हलली, आणि राजवाड्याच्या जागीं कालांतरानें भातशेती झाली. आजचा दरवाजा १९९८ सालीं नव्यानें उभारलेला आहे. १८२८ च्या आगीनंतर उरलेलें शनिवारवाड्याचें जोतें ज्यानें पाहिलें आहे, त्याला अशा मोकळ्या जागेपुढें उभें राहून गेलेल्या लांकडी वैभवाची कल्पना करण्याची संवय असतेच. फरक इतकाच, कीं नारा येथें राजा गेला तरी मोठमोठीं देवळें मागें राहिलीं, आणि गांव त्यांच्या आधारानें टिकलें.

स्थानकाबाहेर एक कारंजें आहे, आणि त्यांत एका भिक्षूचा पुतळा उभा आहे. नारा येथील लोकांस एकमेकांस भेटावयाचें असलें, तर ते ह्या पुतळ्यापाशीं भेटतात. "तेथें सगळे कोणाची ना कोणाची वाट पाहत होते, मी मात्र उगाच उभा होतों," असें पुतण्या लिहितो. तो भिक्षु कोण, हें त्याला तेव्हां ठाऊक नव्हतें. वाचकांनीं हा पुतळा ध्यानांत ठेवावा.

तेथून जवळच कोफुकुजी नांवाचें देऊळ आहे. ('जी' म्हणजे बौद्ध मंदिर.) त्याच्या संग्रहालयांत ७३४ सालच्या कांहीं मूर्ति आहेत. त्यांचीं नांवें वाचतांना आपल्या माणसास चमत्कार वाटतो. कारुरा, किन्नारा, केन्दात्सुबा, आशुरा. म्हणजे आपले गरुड, किन्नर, गंधर्व आणि असुर. हे सर्व तेथें बुद्धाचे रक्षक झाले आहेत. ह्यांतील असुराची मूर्ति साऱ्या जपानांत प्रसिद्ध आहे. कापडाचे थर लाखेसारख्या रोगणांत भिजवून एकावर एक चढवावयाचे, आंतील माती काढून टाकावयाची, आणि वर रंग द्यावयाचा, अशी तिची घडण. तीन मुखें, सहा हात. पण शरीर सडपातळ, आणि चेहरा एखाद्या पोरसवदा मुलाचा. सम्राज्ञी कोम्यो हिनें आपल्या मृत मातेच्या स्मरणार्थ बांधविलेल्या मंदिरासाठीं ही मूर्ति घडली. "आपला असुर मोठाले दांत काढून उभा असतो," पुतण्या लिहितो. "ह्याच्या कपाळाला आठी आहे, पण ती रागाची नाहीं. रडूं येऊं नये म्हणून माणूस घालतो तशी आहे. मी त्याच्यापुढें अर्धा तास उभा होतों."

पुढें हरणांचें रान लागतें. ७६८ सालीं स्थापन झालेल्या कासुगा देवस्थानचा देव शुभ्र हरणावर बसून आला, अशी कथा आहे. त्यामुळें तेथील हरणें पवित्र मानतात. हजाराहून अधिक हरणें रस्त्यांवरून, देवळांच्या पायऱ्यांवरून मोकळीं हिंडतात. त्यांच्यासाठीं तांदळाच्या कोंड्याच्या पातळ चकत्या विकत मिळतात. ती हातांत दिसली कीं हरिण मान लववून नमस्कार करतें, आणि चकती मिळाली नाहीं तर सदऱ्याचें टोंक ओढतें. ह्या मुलाच्या नकाशाचा एक कोपरा असाच एका हरणाच्या पोटांत गेला. सारनाथच्या मृगदावांत बुद्धानें पहिला उपदेश केला, हें आपण शाळेंत शिकतों. हरणांच्या सोबतीनें बुद्धाकडे जाण्याचा योग मात्र आमच्या पुतण्यास जपानांत आला. सात महिन्यांत आपण प्रथमच मोठ्यानें हंसलों, असें त्यानें ह्या ठिकाणीं लिहिलें आहे.

रानाच्या कडेस तोदाइजीचें महाद्वार आहे, आणि त्यापलीकडे बुद्धाचें तें विख्यात मंदिर. सध्याची इमारत १७०९ सालीं पुरी झाली. रुंदी सुमारें ५७ मीटर, उंची सुमारें ४९ मीटर. आणि तरी ती मूळच्या इमारतीपेक्षां रुंदीला एक तृतीयांशानें लहान आहे. आंत वैरोचन बुद्धाची ओतीव मूर्ति बसली आहे. उंची सुमारें १५ मीटर.

ह्या मूर्तीचा जन्म संकटांतून झाला. ७३५ ते ७३७ ह्या वर्षांत देवीच्या सांथीनें जपानांतील अगणित माणसें मेलीं. राज्यकारभार ज्यांच्या हातीं होता, ते फुजिवारा घराण्यांतील चौघे भाऊ एकाच वर्षीं गेले. सांथ म्हणजे काय, हें आपणांस २०२० नंतर कोणी समजावून सांगावयास नको. ७४३ सालीं सम्राट् शोमु ह्यानें महाबुद्ध घडविण्याचा संकल्प सोडला, आणि त्याच्या आज्ञापत्रांत असें म्हटलें, कीं कोणी गवताची एक काडी किंवा मातीची एक मूठ घेऊन आला, तरी त्यास ह्या कार्यांत घ्यावें. ७४७ पासून ७४९ पर्यंत, पायथ्यापासून वरपर्यंत आठ थरांत, मूर्ति ओतली गेली. सुमारें ५०० टन तांबें लागलें. वरचा मुलामा पाऱ्यांत सोनें कालवून, तें लेपून व तापवून दिलेला होता.

धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यानें येथें काय पाहिलें असेल, ह्याची वाचकांनीं कल्पना करावी. "मूर्तीकडे पाहतांना मला आधीं सांधे दिसले," तो लिहितो. ८५५ सालीं तिचें मस्तक गळून पडलें; तें पुन्हां बसविलें. ११८० सालीं युद्धांत मंदिर जळालें व मूर्ति वितळली. ती पुन्हां ओतली. १५६७ सालीं पुन्हां आग लागली, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षें महाबुद्ध उघड्यावर ऊनपाऊस सोशीत बसला. आजचें मस्तक सतराव्या शतकाच्या अखेरचें, धड निरनिराळ्या काळांतलें. आठव्या शतकाचें कांहीं राहिलें असेल, तर तें मुख्यतः खालच्या कमळाच्या पाकळ्यांत. "काका, माझा नमुना तीनदां तडकला. इथें तर खुद्द देव तडकला आहे, आणि लोकांनीं त्याला टांकून दिला नाहीं."

तो असा न्याहाळीत उभा असतां एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. नारा येथें अनेक सेवानिवृत्त मंडळी पाहुण्यांस माहिती देण्याचें काम हौसेनें करतात. त्यांपैकींच हे एक. कोणत्या देशाचे, असें त्यांनीं विचारलें. "इंदो," असें ह्यानें सांगतांच त्यांनीं दोन पावलें मागें सरून कमरेंत वांकून नमस्कार केला, आणि मूर्तीच्या डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "हे डोळे तुमच्या देशांतल्या माणसानें उघडले आहेत."

हा माणूस म्हणजे बोधिसेन. जपानी लोक त्यास बोदाइसेन्ना म्हणतात, आणि 'बारामोन सोजो', म्हणजे ब्राह्मण आचार्य, ह्या पदवीनें त्याचा आदर करतात. जन्म दक्षिण भारतांतील ब्राह्मण कुळांतला. पण हा बौद्ध भिक्षु झाला, मंजुश्री बोधिसत्त्वाच्या दर्शनाच्या ओढीनें चीनांत वुताइ पर्वताकडे गेला, आणि तेथून जपानी वकिलातीच्या आग्रहावरून ७३६ सालीं समुद्रमार्गें जपानांत उतरला. वय सुमारें बत्तीस. बरोबर एक चिनी भिक्षु, आणि चंपा देशचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागांतला, एक संगीतज्ञ भिक्षु. ज्या नानिवा बंदरावर त्यांचें स्वागत झालें, तें म्हणजेच आजचें ओसाका. आणि स्वागतास पुढें आला तो ग्योकी नांवाचा जपानी भिक्षु, ज्यानें गोरगरिबांसाठीं पूल व तळीं बांधलीं, आणि ज्यानें पुढें महाबुद्धासाठीं लोकांकडून वर्गणी जमविली. स्थानकाबाहेर कारंजांत उभा आहे, तो हाच ग्योकी. आमचा पुतण्या सकाळीं ज्याच्यापाशीं 'उगाच उभा' होता, तो भारतांतून आलेल्या पाहुण्यास सामोरा गेलेला माणूस होता.

७५२ सालीं महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा सोहळा झाला. आपल्याकडे मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करतात, तसाच हा विधि. सम्राट् शोमु तोंवर राज्यत्याग करून भिक्षु झाला होता, आणि त्याची कन्या सिंहासनावर होती. मोठी लेखणी हातीं घेऊन मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखण्याचा मान बोधिसेनास मिळाला. त्या लेखणीस निळ्या रेशमाची एक लांबच लांब दोरी बांधली होती, आणि खालीं जमलेल्या राजकुलानें व इतर मंडळींनीं ती हातांत धरिली होती. हेतु हा, कीं डोळे उघडण्याच्या पुण्याचा वांटा सर्वांस मिळावा. ती लेखणी व ती दोरी नारा येथील शोसोइन ह्या प्राचीन भांडारांत अजून जपून ठेविलेली आहे. ११८० च्या आगीनंतर मूर्ति पुन्हां उभी राहिली, तेव्हां ११८५ सालीं माजी सम्राट् गोशिराकावा ह्यानें तीच लेखणी हातीं घेऊन पुन्हां डोळे रेखिले.

बोधिसेन ७६० सालीं नारा येथेंच वारला. तोदाइजीच्या परंपरेंत मंदिराचे संस्थापक म्हणून चार संत मानितात: सम्राट् शोमु, महंत रोबेन, ग्योकी आणि हा आपला ब्राह्मण. आपली वर्णमालाहि तिकडे गेली. जपानी मुलें जी अक्षरें घोकतात, तीं प्रथम अ, इ, उ, ए, ओ, आणि मग क, स, त, न, ह, म, य, र, व ह्या क्रमानें. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासांतून आलेला आहे. तेथील स्मशानांत थडग्यांमागें उभ्या केलेल्या लांकडी पट्ट्यांवर अजूनहि सिद्धम् लिपींतील बीजाक्षरें लिहितात.

परंतु आमच्या पुतण्यास ह्या सगळ्या वैभवांतून एकच गोष्ट लागली, आणि ती त्यानें आपण होऊन बोटें मोजून काढली होती. "बोधिसेन ७३६ मध्यें आला आणि ७५२ मध्यें त्यानें डोळे उघडले. मधलीं सोळा वर्षें तो दाइआनजी नांवाच्या मठांत राहत होता. आम्ही सगळे तो एक दिवस सांगतों. त्या सोळा वर्षांत त्याला कंटाळा आला नसेल का? भाषा अडली नसेल का? मला तर सातच महिने झाले आहेत. मी राहीन असें म्हणत नाहीं. पण निदान सात महिन्यांचा हिशेब सात महिन्यांचाच धरावा, एवढें मला त्या देवळांत कळलें."

पत्राच्या अखेरीस एक हंसूं येण्याजोगा मजकूर होता. नारा येथें एक काळसर लोणचें प्रसिद्ध आहे. आजीसाठीं म्हणून ह्यानें एक पुडा घेतला, आणि गाडींत बसल्यावर कळलें, कीं तें तांदळाच्या मद्याच्या गाळांत मुरवितात! "आजीला सांगूं नका," असें त्यानें बजाविलें होतें.

आम्हीं सर्व सांगितलें. रात्रीं जेवणें झाल्यावर पत्र मोठ्यानें वाचलें, लोणच्यासुद्धां. पुतणी खालीं मान घालून ऐकत होती. वहिनींनीं डोळ्यांस पदर लावला. बंधु उठून खिडकीशीं गेले. मग ते तिकडेच तोंड करून म्हणाले, "परत ये म्हणावें. कर्जाचें मी पाहीन." ह्या वाक्यास त्यांना किती कष्ट पडले असतील, तें ज्यांनीं मुलासाठीं घर तारण ठेविलें आहे त्यांनाच समजेल.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, आणि एक विचार मनांत येऊन गेला तो वाचकांपुढें ठेवावासा वाटतो. बौधायन धर्मसूत्रांत समुद्रयानाची गणना पतनीय कर्मांत केलेली आहे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्याकरितां अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांच्यावर समाजानें केवढें काहूर उठविलें, हें आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. तो काळ गेला, ह्याचा आपणांस अभिमान वाटतो. पण खरोखर गेला का? पूर्वीं समुद्र ओलांडून जाणारा पतित ठरत असे. आतां शिक्षण अर्धें टाकून समुद्र ओलांडून परत येणारा पतित ठरतो. त्यास पंक्तींतून कोणी उठवीत नाहीं, हें खरें. पण लग्नकार्यांत चार माणसें त्याच्याकडे ज्या दृष्टीनें पाहतात, आणि त्याचे आईबाप ज्या स्वरांत "तब्येतीमुळें आला" असें सांगतात, तें वाळीत टाकण्याहून फारसें निराळें नाहीं. आमच्या मुलानें एकेरी तिकिटाचे दर पाहिले, आणि तें सांगण्यापेक्षां फोन बंद करणें त्याला सोपें वाटलें. त्याला भीति दूरदेशाची नव्हती, घराची होती. हें लिहितांना आमची लेखणी अडखळते, पण खरें तें खरें.

मातोश्री पत्र ऐकून त्या वेळीं कांहीं बोलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूजेनंतर, त्या घड्याळाकडे पाहून, त्यांनीं आम्हांस विचारलें, "त्या बोधिसेनाच्या आईला कळलें का रे, आपल्या मुलानें देवाचे डोळे उघडले म्हणून?"

आम्ही म्हणालों, "आई, त्या काळीं टपाल कुठलें? आणि तो परत आलाच नाहीं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती खालीं उभी असती, तर तिच्याहि हातांत त्यांनीं दोरी दिली असती. दोरी हातांत असावी. पण ओढूं नये. खालून कोणीं ओढली असती, तर डोळा तिरपा झाला असता."

ह्यावर भाष्य करण्याची आमची छाती नाहीं. पुढील रविवारीं फोन आला, तेव्हां मातोश्रींनीं सर्वांच्या आधीं तो आपल्यापुढें ठेवून घेतला, आणि जेवलास का, हें न विचारतां, "ह्या आठवड्यांत कंटाळा किती आला?" असें विचारलें. तिकडे मुलगा क्षणभर चांचरला. आणि मग जो बोलूं लागला तो पाऊण तास थांबला नाहीं. बंधूंनीं तिकिटाविषयींचें आपलें वाक्य पुन्हां एकदां, ह्या वेळीं खिडकीकडे न पाहतां, सांगितलें. अखेर तो म्हणाला, "आजी, शिक्षण पुरें करीन असें आज वाटतें. पुढचें मात्र आज विचारूं नका. कदाचित् येईन, कदाचित् इथेंच राहीन."

"नाहीं विचारीत," मातोश्री म्हणाल्या. "तें लोणचें काय केलेंस, तेवढें सांग."

चवथा नमुना त्यानें डिसेंबरांत ओतला. तो तडकला कीं नाहीं, हें आम्हीं विचारलें नाहीं; त्यानें आपण होऊन सांगितलें, कीं तडकला, पण पूर्वींपेक्षां कमी. त्या दिवशीं घरांत सर्वांस जो आनंद झाला, तो त्याच्या पहिल्या वर्गाच्या निकालानेंहि झाला नव्हता. वाचकहो, आपल्याहि घरीं दुसरें घड्याळ असेल, तर येत्या रविवारीं जुने तीन प्रश्न बाजूस ठेवून पाहावे, एवढीच आमची विनंति आहे.